मृगाआधी एक जोडी, तिच्या हाताच्या मापाची

वैशाख निम्मा सरला की कोकणातलं प्रत्येक घर पावसाच्या तयारीला लागतं. कौलं परतायची, पडवीला ताडपत्री बांधायची, मीठ, मसाला, सुकी मासळी भरून ठेवायची. आगोटीच्या या बेगमीत सगळ्यात जड काम फाट्यांचं. चार महिने चूल पेटती ठेवायची तर मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आत, कोरडं लाकूड खोपीत आलंच पाहिजे. म्हणून या दिवसांत रानाच्या वाटेवर, बागेच्या कडेला, घराच्या मागच्या अंगणात कुऱ्हाडीचा आवाज दिवसभर चालू असतो. आणि तोडलेलं ते लाकूड गोळा करणारे, मोळ्या बांधणारे, डोक्यावरून आणून रचणारे जवळजवळ सगळे हात उघडे असतात. त्यांतले बहुतेक बायकांचे असतात.

ज्यांच्या घरी, बागेत किंवा ठेक्यावर येत्या काही दिवसांत लाकूड तोडलं, फोडलं, उचललं जाणार आहे, त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या फांदीला हात लागण्याआधी कामाचे हातमोजे घ्या, आणि ते घालणाऱ्या माणसाच्या मापाचे घ्या. कोयता नि कुऱ्हाड विकत घेतो, त्यांना धार लावून आणतो, तशीच ही जोडीही त्याच कामाच्या हत्यारांत धरा. पावसाळा संपल्यावर बघू, असं याबाबत करू नका. घाई कशासाठी, ते आधी सांगते.

मे महिन्यात लाकडावर राबलेले हेच हात जून-जुलैत चिखलात जातात. लावणी म्हणजे दिवसच्या दिवस खाचरात वाकून, पोटरीभर पाण्यात, बोटांनी रोप रोवणं. बोटाला काटा मोडलेला असेल, तळव्यात फास अडकलेली असेल, अंगठ्याच्या बेचक्यात चीर असेल, तर तीच जखम घेऊन बाई चिखलात उतरते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून खाचरांच्या पाण्यात येतात आणि माणसाच्या अंगात शिरायला त्यांना कातडीवरची अशीच एखादी चीर पुरते. सिंधुदुर्ग, रत्नागिरीत पाऊस सुरू झाला की आरोग्य सेवक घरोघर लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्या घेऊन फिरतात, हे आपण दरवर्षी बघतो. गोळ्या घ्याव्यातच. पण लावणीच्या वेळी हात धड असावा याची सोय महिनाभर आधी, लाकडाच्या राशीपाशीच करावी लागते.

धनुर्वाताचंही तसंच. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात आणि त्यांना उथळ ओरखड्यापेक्षा खोल, बारीक, वरून बुजलेली जखम मानवते. काट्याची जखम नेमकी तशी. बायकांना गरोदरपणात धनुर्वाताची लस टोचलेली असते, पण धाकटं मूल कॉलेजात गेलं तरी त्यानंतर कुणी दुसरा डोस घेतलेला नसतो. पुरुषांची गत आणखी वाईट, कित्येकांनी शाळा सुटल्यापासून एकही घेतलेला नसतो. मोठ्या माणसाला दर दहा वर्षांनी हा डोस लागतो. जखम खोल आणि मातीने माखलेली असेल आणि शेवटचा डोस पाच वर्षांहून जुना असेल, तर लगेच पुन्हा घ्यावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मिळतो. हातमोजे आणायला तालुक्याला जाणारच आहात, तर त्याच फेरीत घरातल्या मोठ्यांना हेही इंजेक्शन देऊन आणा.

बोटाच्या सांध्यात किंवा तळव्याच्या बाजूने खोल गेलेला काटा आणखी एका कारणाने धोक्याचा आहे. बोटं वाकवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायूबंध, एका अरुंद नळीतून जातात. काट्याबरोबर घाण त्या नळीत गेली की पू आत कोंडतो. बोट सगळीकडून सारखं फुगतं, अर्धवट वाकलेलं राहतं, कुणी ते सरळ करायला गेलं की ब्रह्मांड आठवतं. अशा बोटाला हळद, बिब्बा, गरम पोटीस बांधून दोन दिवस वाट बघायची नसते. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं असतं, कारण उशीर झाला तर जीव वाचतो पण बोट कायमचं ताठ होऊन बसतं. ज्या बाईचं पोट लावणी, काजू सोलणं, मासळी निवडणं यांवर आहे, तिच्या दृष्टीने ताठ बोट म्हणजे अर्धी मजुरी गेली.

आणि विंचू. रायगड, रत्नागिरीतल्या लोकांना लाल विंचवाबद्दल नव्याने सांगायला नको. काळी इंगळी दिसायला मोठी, पण जीव घेतो तो हा लहान, तांबूस विंचू. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी १९७०च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात काम सुरू केलं, तेव्हा या विंचवाने गंभीर झालेल्या रुग्णांतले तीस टक्क्यांच्या आसपास दगावत. प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळी कामी येते ती माणूस वेळेत दवाखान्यात पोचला तर. दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं, ही लक्षणं दिसल्यावर मांत्रिकाकडे घालवलेला एक तासही परत मिळत नाही. हा विंचू राहतो कुठे, तर साल सुटलेल्या ओंडक्याखाली, गेल्या वर्षीच्या उरलेल्या राशीच्या तळाशी, दगड आणि लाकूड यांच्या फटीत. म्हणजे आपण बोटं घालतो नेमकं तिथेच. फुरसंही तिथेच वेटोळं करून असतं, हातभर लांबीचं, पाचोळ्याच्या रंगाचं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. हातमोजा घातला म्हणून साप-विंचवाच्या फटीत हात घालायचा परवाना मिळत नाही. जाड चामडं विंचवाची नांगी बऱ्याचदा अडवेल, सापाचा दात अडवेलच असं नाही. राशीतलं लाकूड आधी काठीने हलवायचं, वरून खाली उचलत यायचं, ओंडका आपल्याकडे न ओढता काठीने उलटा करायचा, आणि मगच हात. साप चावलाच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, हात स्थिर ठेवून १०८ला फोन करायचा आणि सरकारी रुग्णालय गाठायचं.

आता मी ज्यांच्याशी बोलते त्या बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. 'आम्हाला सवय आहे, हाताला घट्टे पडलेत.' घट्टा घासण्यापासून वाचवतो, तेवढं खरं. बोरीचा वाकडा काटा, वेड्या बाभळीचा लांब सुईसारखा काटा, खैराची नखी यांना घट्टा अडवत नाही. उलट वैशाखात घट्टा कोरडा पडून चिरतो आणि ती भेग आत लालभडक मांसापर्यंत जाते. दुसरं उत्तर जास्त विचार करण्यासारखं आहे. 'मोज्यात हात चालत नाही.' बायका हे सांगतात तेव्हा त्या अगदी बरोबर सांगत असतात. कारण त्यांना दिलेला मोजा त्यांच्या हाताचा नसतोच.

तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात जा आणि कामाचे हातमोजे मागा. दुकानदार एकच जोडी पुढे टाकतो. माप विचारलं तर म्हणतो, 'फ्री साइज.' ही फ्री साइज म्हणजे बहुतेक वेळा दहा नंबर, चांगल्या दांडग्या पुरुषाचा हात. हाताचं माप काढायची रीत सोपी आहे. अंगठा सोडून बाकी चार बोटांच्या मुळाशी तळहाताभोवती फीत फिरवायची. जितके इंच घेर भरतो, साधारण तोच मोज्याचा नंबर. आपल्याकडच्या बहुतेक बायकांचा घेर सात, फार तर साडेसात इंच असतो. दहा नंबरचा मोजा त्यांच्या हातात घातला की बोटांची टोकं पुढे रिकामी लोंबतात, तळव्यावर चामडं गोळा होतं, फांदीची पकड सुटते. कोयता धरलेला हात तर मोज्याच्या आतच फिरतो. असा मोजा ती अर्ध्या तासात काढून कुंपणावर टाकते. मग घरचे म्हणतात, आणून दिले होते, वापरतच नाही.

चामड्याचे कामाचे हातमोजे मोठ्या प्रमाणावर कोलकात्यात शिवले जातात आणि जगभर जातात. परदेशी गिऱ्हाईक सहा-सात नंबरपासून अकरापर्यंत सगळी मापं मागतं आणि ती त्याला इथूनच मिळतात. संगमेश्वरच्या किंवा माणगावच्या दुकानात सात नंबर नसतो, कारण आपण कधी मागितलेला नाही. यंदा मागा. दुकानदाराला नंबर सांगा, नसेल तर मागवायला सांगा, दोघी-चौघींनी मिळून सांगा. बचत गटाने एकत्र मागणी दिली तर एखादा डझन सात नंबर मागवायला कुठलाही दुकानदार नाही म्हणणार नाही.

जोडी हातात आल्यावर काय बघायचं? आधी कडा बघा, जिथे चामडं कापलेलं आहे तिथे. खरं चामडं कडेला तंतूतंतूचं दिसतं. रेक्झिन असेल तर वर रंगाचा पातळ थर आणि खाली विणलेलं कापड दिसतं. असा मोजा ऐनाच्या खरबरीत सालीवर आठवडाही टिकत नाही. मग चामडं कोणतं ते बघा. जाड कातडं मधून चिरून त्याचे दोन थर काढतात. वरचा गुळगुळीत, बारीक रंध्रं दिसणारा थर घट्ट असतो. तो सहज फाटत नाही, ओल जरा उशिरा धरतो. खालचा थर दोन्ही बाजूंनी मखमलीसारखा खरखरीत असतो, त्याला बाजारात स्प्लिट म्हणतात. स्वस्त जोड्या सगळ्या स्प्लिटच्या. नुसतं ओंडके उचलायचे, ट्रॉली भरायची, तर जाड स्प्लिट वाईट नाही, फक्त भिजून वाळला की लाकडासारखा कडक होतो. शेळीचं चामडं पातळ, मऊ आणि आपल्या जाडीच्या मानाने बरंच चिवट असतं. कोयता, दोरी, गाठ मारणं, बारीक फाटी वेचणं या कामांत बोटं मोकळी लागतात, तिथे मला तेच सगळ्यात योग्य वाटतं. थोडं महाग पडलं तरी घ्या.

नंतर मोजा उलटा करा. आतली शिलाई बघायला लाजू नका, दुकानदाराला बघू द्या तुम्ही काय तपासताय ते. अंगठ्याचा जोड दोन्ही हातांनी ताणा. शिवणीत उजेड दिसला किंवा धागा कुरकुरला तर जोडी परत ठेवा, कारण लाकूडकामाचा मोजा सगळ्यात आधी तिथेच उसवतो. माझ्याकडच्या एका जुन्या जोडीवर हे स्पष्ट वाचता येतं. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात चामडं घासून काचेसारखं चकचकीत झालंय, तिथल्याच टाक्याला भोक पडलंय, उजव्या तर्जनीच्या टोकाला वरचा थर निघून खालचे तंतू दिसतायत, आणि करंगळीची बाजू मात्र दुकानातून आणल्यासारखी नवी. म्हणून तळव्यावर आणि बेचक्यावर चामड्याचा दुसरा तुकडा शिवलेला असेल अशीच जोडी घ्या. शिलाई दुहेरी हवी, धागा सुती नको, नायलॉनचा किंवा त्याहून चिवट हवा. सुती धागा घामाने आणि दमट हवेने कुजतो, चामडं शाबूत असताना बोटं उसवून बाहेर येतात.

काही जोड्यांवर ढालीचं चित्र, त्यात हातोडी आणि खाली चार आकडे असतात. ती युरोपातल्या ईएन ३८८ या मानकाची खूण. पहिला आकडा घासण्याला किती टिकेल याचा, दुसरा पात्याच्या काप्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. पुढे एखादं अक्षर असतं, ते काप्याच्या आणखी एका चाचणीचं. लाकडासाठी पहिला आकडा महत्त्वाचा. दोन म्हणजे घासण्याच्या चाचणीत मोजा ५०० फेऱ्यांपर्यंत टिकला, तीन म्हणजे २०००. एका आकड्याच्या फरकाने चौपट टिकाऊपणा, म्हणून तीन असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. चौथ्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विसंबू नका. टोचण्याची ती चाचणी साडेचार मिलिमीटर जाडीच्या, टोकाला गोलसर अशा खिळ्याने करतात. बाभळीचा काटा त्याहून कितीतरी बारीक असतो. चांगला आकडा असलेल्या मोज्यातूनही तो आत येऊ शकतो. काटेरी कामाला उपाय एकच, जाड चामडं आणि कोपरापर्यंत येणारी लांब बाही.

त्यासाठी एक गोष्ट कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळते, वेल्डिंगवाल्यांचे लांब हातमोजे. साधारण चौदा इंचांचे, स्प्लिट चामड्याचे, आतून अस्तर लावलेले. बोरी-बाभळीच्या फांद्या ओढायला, कुंपणाच्या काट्या उचलायला, करवंदीच्या जाळीतून लाकूड काढायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. त्यांनी कुऱ्हाड मात्र धरू नका, त्यात बोटं जाड होतात आणि दांडा हातातल्या हातात फिरतो. वेड्या बाभळीचा कोळसा पाडायला रायगडातली कातकरी कुटुंबं दूरच्या जिल्ह्यांत जातात, महिनोन्महिने भट्टीजवळ राहतात, बायका-पोरांसकट काटेरी लाकूड ओढतात. भट्टीच्या मालकांना आणि त्यांना नेणाऱ्या मुकादमांना मी हात जोडून सांगते, उचल देतानाच प्रत्येक काम करणाऱ्या माणसामागे अशी एक जोडी द्या, आणि तिचे पैसे मजुरीतून कापू नका. एका जोडीला एका दिवसाच्या मजुरीएवढेही पैसे पडत नाहीत. आणि मुलांना काट्याच्या कामाला लावूच नका, त्यांच्या मापाचा मोजा शोधायचा प्रश्नच येऊ नये.

बायकांसाठी बाहीची लांबी आणखी एका कारणाने बघावी लागते, ती म्हणजे काकणं. काचेचा चुडा भरलेल्या हाताने ओंडका उचलला, काकण दोन लाकडांमध्ये सापडलं की ते फुटतं आणि काच थेट मनगटाच्या आतल्या बाजूला जाते, जिथे शिरा वरवर असतात. काकणं उतरवा असं सांगणं मला बरं वाटत नाही आणि कुणी ऐकतही नाही. पण रुंद, सैल, लांब बाहीचा मोजा असेल तर काकणं वर सरकवून बाहीच्या आत राहतात. आखूड बाहीला चिकटपट्टी किंवा इलॅस्टिक असतं, ते नेमकं काकणांवर येऊन बसतं. खरेदीला जाताना ज्या हाताला मोजा घालायचा तो हात काकणांसकट बरोबर न्या, म्हणजे तिला स्वतःला घेऊन जा.

रबराचा किंवा नायट्राइलचा मुलामा दिलेले विणलेले हातमोजे आता सगळीकडे मिळतात. कोरड्या, गुळगुळीत, फोडलेल्या लाकडाला ते चांगले, पकड घट्ट राहते, ढलप्या बोचत नाहीत, नि लहान मापातही सापडतात. काट्याला त्यांचा काही उपयोग नाही. ठिपकेवाले नुसते सुती मोजे घेऊच नका. खाजकुयलीची लव सुतात एकदा अडकली की धुऊनही जात नाही, आणि तोच हात कपाळावर, मानेवर फिरतो. बिब्ब्याचं ओलं लाकूड तोडायची वेळ आली तर चीक सुतातून आरपार येतो आणि हात उततो.

आता हातमोजे कुठे घालू नयेत, हेही तितक्याच तळमळीने सांगायला हवं. फिरत्या पात्याजवळ नको. आरा मशीनवर, गोल करवतीवर मोज्याचं टोक दात्यात सापडलं तर कातडीला ओरखडा पडून सुटका होत नाही, मोजा अख्खा हात आत खेचतो. तिथे लाकूड ढकलायला दुसरं लाकूड वापरायचं, आणि मोजे फक्त माल चढवताना-उतरवताना घालायचे. चेनसॉ, ज्याला गावात नुसतं कटर म्हणतात, त्याला साधा चामडी मोजा अडवत नाही, काप-रोधक म्हणून विकला जाणारा पांढरा-करडा विणलेला मोजाही अडवत नाही. साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेगाने धावत असते. तिच्यासाठी वेगळे मोजे असतात. त्यांत, बहुतेक वेळा डाव्या हाताच्या पाठीवर, लांब तंतूंचे थर भरलेले असतात. साखळी लागली की ते तंतू बाहेर येऊन दात्यांत गुंततात आणि साखळी थांबवतात. डाव्या हातावर अशासाठी की पुढची मूठ त्या हाताने धरतात, म्हणजे साखळीच्या सगळ्यात जवळ तोच असतो. कटर भाड्याने देणाऱ्यांनी यंत्राबरोबर हे मोजे, शिरस्त्राण आणि पायांचं संरक्षणही द्यावं. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग भागात पडलेल्या झाडांचा खच हटवायला गावकरी स्वतः कुऱ्हाडी आणि कटर घेऊन उतरले होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. वादळं पुन्हा येणार, आणि ती नेमकी याच दिवसांत येतात. ग्रामपंचायतींनी आपत्तीच्या सामानात दोरखंड नि बॅटऱ्यांबरोबर सात, आठ, नऊ नंबरच्या काही जोड्या आत्ताच ठेवाव्यात. पडलेल्या झाडात विजेची तार अडकलेली असेल तर मात्र कुठल्याही चामडी मोज्यावर भरवसा ठेवू नका. ओलं चामडं वीज अडवत नाही. लाइन बंद झाल्याचं महावितरणकडून कळल्याशिवाय फांदीला हात लावू नका.

कुऱ्हाड चालवताना मोजा हवा का, यावर जाणत्या लाकूडतोड्यांतही दोन मतं आहेत. माझं मत असं, की अंगासरशी बसणारा पातळ चामडी मोजा असेल तर घाला, सैल असेल तर काढून ठेवा. घामट हाताने निसटलेल्या दांड्यापेक्षा सैल मोज्यातून निसटलेला दांडा जास्त वाईट, कारण तो निसटतोय हे हाताला कळतच नाही. पाचर धरायची असेल तर ती हाताने धरून दुसऱ्याला घण मारायला सांगू नका. आधी हलके ठोके देऊन ती लाकडात रुतवा, मग हात मागे घ्या.

चांगली जोडी सांभाळली तर दोन-तीन हंगाम जाते. ओली झाली तर चुलीवर, बंबाच्या कडेला वाळत घालू नका. आगीच्या जवळ चामडं आकसतं, तडतडतं, पुन्हा मऊ होत नाही. सावलीत, वाऱ्यावर वाळवा, किंचित ओलसर असतानाच हातात घालून दोन-चार वेळा मूठ वळा, वाळल्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवा, अगदी थोडा. पावसाळ्यात बुरशी येते. ती कोरड्या फडक्याने पुसा आणि उघडीप मिळाली की हवेशीर जागी लावा. राशीवर तसेच टाकून घरी येऊ नका. दोरीला चिमट्याने, तोंड खाली करून टांगा, आणि सकाळी घालण्याआधी प्रत्येक बोट दाबून, मोजा उलटा धरून झटका. विंचवाला मोज्याचं बोट चांगलं घर वाटतं.

मुंबईच्या आणि पुण्याच्या चाकरमान्यांना वेगळं सांगायचंय. मे महिन्यात तुम्ही गावी येताच. फराळ, कपडे, मोबाइलचे चार्जर आणता. यंदा आईच्या, काकूच्या, वहिनीच्या हाताचं माप फोनवर विचारून घ्या आणि येताना एक जोडी आणा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर, पुण्यात बोहरी आळीत अशा वस्तूंची दुकानं ओळीने आहेत. तिथे सात नंबर मागा, शेळीच्या चामड्याचा मागा, उलटा करून बघा, अंगठा ताणून बघा. घरी गॅस असला तरी न्हाणीचा चुला लाकडावरच असतो, उकड्या तांदळाचं भात लाकडावरच उकडतात, घरात कार्य निघालं तर आचारी लाकडाचीच यादी देतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५८.६ टक्के घरांतच स्वयंपाकाला स्वच्छ इंधन होतं, आणि त्या घरांमधूनही लाकूड पूर्ण गेलेलं नाही. आईला 'आता सोड ते फाट्यांचं' असं सांगून ती सोडत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

बागायतदारांना एवढंच, कलमांची छाटणी आणि वाळक्या फांद्या उचलायला माणसं लावाल तेव्हा मोजे तुमच्याकडचे असू देत, रोजावर येणाऱ्या बाईने स्वतःचे आणावेत ही अपेक्षा ठेवू नका. आशाताईंना आणि आरोग्य सेवकांना विनंती, लेप्टोच्या गोळ्यांसाठी घरोघर जाल तेव्हा हात बघा, फुगलेलं बोट दिसलं तर तिथूनच पुढे पाठवा. शाळांच्या सुट्ट्या संपायच्या आत ग्रामसभा असेल तर त्यात हा विषय घ्या, पाच मिनिटं पुरतात.

माप काढायला घरात शिवणाची फीत नसेल तर सुतळी घ्या. ज्या हाताने कोयता धरतात तो हात सपाट ठेवायला सांगा, अंगठा बाजूला, बाकीची चार बोटं जुळलेली. बोटांच्या मुळाशी सुतळीचा एक वेढा घ्या, न आवळता, जिथे टोक जुळेल तिथे गाठ मारा. सुतळी पट्टीवर ठेवा. साडेसहा ते सात इंच भरले तर सात नंबर, साडेसात-आठ भरले तर आठ. दोन मापांच्या मधे आलात तर पातळ चामड्यात लहान घ्या, अस्तर असलेल्या जाड मोज्यात मोठा. आकडा कागदावर नावासकट लिहा, घरातल्या लाकडाला हात लावणाऱ्या प्रत्येकीचा आणि प्रत्येकाचा, आणि तो कागद तालुक्याला जाणाऱ्या माणसाच्या खिशात उद्याच्या पहिल्या एसटीच्या आधी गेला पाहिजे.